बॅलार्ड इस्टेटचा दादरा

रविवार, १० ऑगस्ट २०२५

विषय ठरला. भांडून ठरला, म्हणजे टिकेल.

गेली काही वर्षं आमचा हौशी संच जुनीच संगीत नाटकं करतोय. तीच पदं, तेच शेले, तीच भाड्याची पगडी. यंदा बायकांनी उघडच सांगितलं, रुसणाऱ्या नायिका पुरे झाल्या, कामावर जाणाऱ्या बाईचं नाटक करू. संचात दोघी बँकेतल्या, एक नर्स, एक शाळेत शिक्षिका, दोघी आयटीतल्या. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईला रुसायला वेळ कुठून मिळणार?

धाकट्यांनी डॅगनहॅम सुचवलं. गोष्ट जबरदस्तच आहे. ७ जून १९६८ ला लंडनजवळच्या फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका मशीन सोडून बाहेर पडल्या. त्यांचं काम कमी कौशल्याच्या 'बी' श्रेणीत टाकलेलं, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषाला मिळायचं त्याच्या ८५ टक्केच त्यांना. सीटशिवाय गाडी विकणार कशी? तीन आठवड्यांत कारखान्याचं उत्पादन ठप्प. ब्रिटनच्या रोजगारमंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना चहाला बोलावलं, ९२ टक्क्यांवर तडजोड झाली, १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा आला. वरची 'सी' श्रेणी मात्र त्यांना १९८४ मध्ये मिळाली, तीही पुन्हा संप केल्यावर.

दिग्दर्शक ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण सोनेरी टोप घालून साक्या गायच्या? मुंबईत कुणी भांडलंच नाही का?"

वकीलकाका (निवृत्त, आमच्याकडे दरबारी भूमिका करतात) कोपऱ्यातून म्हणाले, "भांडली ना. बॅलार्ड इस्टेटमध्ये. एकटी."

रविवार, २४ ऑगस्ट

काकांनी निकालाची प्रत आणली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा, सर्वोच्च न्यायालय, २६ मार्च १९८७. पहिल्या वाचनाला नाटकाऐवजी निकालपत्र, असं आमच्याकडे प्रथमच झालं.

हकिगत थोडक्यात. जहाज कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली ज्या बायका लघुलेखन-टंकलेखन करायच्या त्यांचं पद 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. तेच काम करणारे पुरुष नुसते स्टेनोग्राफर, आणि पगार जास्त. १३ जून १९७७ ला या बाईंची नोकरी संपली. त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. पहिल्या अधिकाऱ्याने तपासून सांगितलं की काम एकाच प्रकारचं आहे, पण कंपनी आणि युनियन यांच्यात करार झालेला असल्यामुळे काही देता येत नाही. अपिलात ते फिरलं. २६ ऑक्टोबर १९७६ ते १३ जून १९७७ या काळातला फरक म्हणून ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यावेत, असा हुकूम झाला. कंपनी हायकोर्टात गेली, हरली. तिथल्याच खंडपीठाकडे गेली, हरली. दिल्लीला गेली, तिथेही हरली.

खोलीत सगळे गप्प. मग तबलजी म्हणाला, "यात गाणं कुठाय?"

बरोबर आहे त्याचं. संप नाही, मोर्चा नाही, फाटकावरची घोषणाबाजी नाही. एक अर्ज, दहा वर्षं, सात हजार रुपये. कोरस उभा करायचा तर कशावर?

आणखी एक गोष्ट आजच पक्की केली. निकालपत्राबाहेर या बाईंच्या आयुष्याबद्दल आम्ही काहीही लिहिणार नाही. घर, आईवडील, प्रेमप्रकरण काढायचा आम्हाला अधिकार नाही. आमची नायिका काल्पनिक असेल आणि तिला नावच नसेल. ऑफिसात सगळे तिला 'मिस' म्हणतील. तारखा, रक्कम आणि न्यायालयाचं म्हणणं मात्र कागदावर आहे तसंच.

रविवार, १४ सप्टेंबर

गणपतीत तालमी बंद होत्या. आता जोर धरायला हवा.

टाइपरायटर मिळाले! एका टायपिंग क्लासच्या मालकाने माळ्यावर टाकलेली सहा यंत्रं दिली, बहुतेक गोदरेज, एक रेमिंग्टन. टाइपरायटर भंगारवाल्याला देववत नाही, म्हणाले. रिबिनी वाळून कडक झालेल्या. फोर्टातल्या कोर्टाबाहेर अजून बसणाऱ्या एका टायपिस्टकाकांनी तेल कुठे घालायचं आणि कुठे अजिबात घालायचं नाही ते दाखवलं.

शिक्षिकाबाई शाळेतून निवृत्त व्हायला आल्यात. त्या चाळीसच्या स्पीडने पास झालेल्या. यंत्र पुढे ओढलं आणि बोटं आपोआप सुरू झाली, ए एस डी एफ जी एफ, मग उजवा हात, सेमीकोलन एल के जे एच जे. टायपिंग शिकलेल्या प्रत्येकाने आठवडेच्या आठवडे हेच बडवलेलं असतं. पेटीकाका डोळे मिटून ऐकत होते. एकदम तबलजीला म्हणाले, "अरे, मोज की!"

डाव्या हाताचे सहा, उजव्या हाताचे सहा. धा धी ना, धा ती ना. नाटकाचा ठेका मिळाला, सहा मात्रांचा दादरा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज फक्त घंटीवर काम.

टाइपरायटरची घंटी ओळ संपायच्या थोडं आधी वाजते, म्हणजे टायपिस्टने चालू शब्द पुरा करून कॅरेज मागे ढकलायची. आम्हाला ती घंटी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर हवी. त्यासाठी समासाचा खटका असा लावावा लागतो की घंटीच्या आधीचे ठोके सहाच्या पटीत येतील. स्पेसबारसुद्धा ठोकाच धरायचा. यंत्रागणिक खटका वेगळा लागतो. आयटीतल्या दोघींनी प्रत्येक यंत्राला नंबर दिला आणि खटका कुठे लावायचा ते खडूने आतल्या बाजूला लिहून ठेवलं. एखादीने एक जरी कळ चुकवली तरी तिची घंटी पुढच्या मात्रेवर पडते आणि सगळ्या सभागृहाला कळतं. गवई बेसूर झाला तर निदान दर्दींनाच कळतं.

घंटीनंतर कॅरेज मागे नेतानाचा 'खर्रर्र' पेटीकाकांना फार आवडलाय. ते त्याला मींड म्हणतात, गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तशी.

आवाज मात्र जास्तच. सहा यंत्रं एकदम चालली की नाट्यपद ऐकूच येत नाही. यंत्राखाली नमदा घातला, रोलरवर एकाऐवजी तीन कागद चढवले. ठोका मऊ झाला. तरी गाणाऱ्याने आवाज टाकायला हवाच.

रविवार, २ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत पहिला अंक लिहून झाला. वाचन झालं.

नांदीत संविधानाचा अनुच्छेद ३९ आहे, समान कामाबद्दल समान वेतन. पण हे मार्गदर्शक तत्त्व. ते घेऊन कोर्टात जाता येत नाही. म्हणून आमचा सूत्रधार वंदन करतो आणि नटी विचारते, "हा देव नवसाला पावतो का?" पुढे त्याच ओघात १९५८ येतं. समान मोबदल्याचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९५१ चा, भारताने तो ५८ साली मान्य केला आणि वटहुकूम काढला २६ सप्टेंबर १९७५ ला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू होतं आणि देशात आणीबाणीही. म्हणजे संपाची सोय नव्हती त्या दिवसांत हा हक्क आला. हे प्रेक्षकांना सांगायला हवं, पण भाषण नको. नेपथ्यवाल्याने ऑफिसच्या भिंतीवर त्या काळची पाटी लावायची ठरवलंय, 'बातें कम, काम ज्यादा'. तेवढं पुरे.

वाद झाला तो युनियनच्या सेक्रेटरीवरून. मी त्याला बेरकी रंगवला होता. पान खाणारा, साहेबाकडे डोळा मारणारा. ताईंनी वही मिटली.

"हा खोटा आहे. मला असा माणूस दे, की ज्याला मीही मत दिलं असतं. त्याने वर्षानुवर्षं पोरांसाठी भांडून पगार वाढवून घेतलाय. ही बाई त्याच्या यादीत नाही एवढंच. आणि यादी केली त्याला ते खटकलंही नाही."

निकालपत्रात सेक्रेटरी नाहीच, करार झाल्याची नोंद आहे फक्त. त्यामुळे हा माणूस सगळा आमचा. मग तो चांगला असायला काय हरकत?

रविवार, १६ नोव्हेंबर

कराराचं पद लिहिलं. ऑफिसात पेढे वाटले जातायत, सेक्रेटरी टेबलावर हात टेकून गातो आणि मागे बायका टाइप करताहेत, तोच करार, पाच प्रतींत, कार्बन लावून.

गोडीगुलाबीने घ्यावे, गोडीगुलाबीने द्यावे,
सह्या झाल्या, चहा झाला, आता कामाला लागावे.
थोडे तुमचे, थोडे आमचे, कुणी कशाला रुसावे?
ज्यांचे नाव यादीत नाही त्यांनी पुढल्या वेळी यावे.

पेटीकाकांनी मिश्र पिलूत चाल लावली. दादराच. सेक्रेटरी करणारा आमचा रेल्वेतला मुलगा, संचातला सगळ्यात तयार गळा. काळी एक पट्टीत त्याने दुसऱ्या ओळीवर जी जागा घेतली, ती ऐकून चहावाला दारात थांबला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळपासून ग्रुपवर धुमाकूळ. "आपला कायदा रद्द झाला!"

खरं आहे. कालपासून, २१ नोव्हेंबरपासून, चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेने १९७६ चा समान वेतन कायदा निकाली काढला. वकीलकाकांनी सगळ्यांना शांत केलं. संहिता २०१९ ची आहे, लागू आत्ता झाली; वेतनात लिंगावरून भेदभाव करायचा नाही ही तरतूद तिच्या तिसऱ्या कलमात आहे. तत्त्व गेलेलं नाही, जुन्या कायद्याचं घर तेवढं मोडलं.

धाकट्यांना वाटलं, शेवटी यावर प्रवेश लिहू. मी नाही म्हटलं. आमची मिस १९७७ ला अर्ज करते, तिच्या हातात १९७६ चाच कागद हवा. सूत्रधाराला एक वाक्य दिलं, बस्स.

या निमित्ताने जुना कायदा पुन्हा मुळातून वाचला, ते बरं झालं. त्याच्या चौथ्या कलमात एक झकास गोष्ट आहे. मालकाने पगार समान करण्यासाठी कुणाचा पगार कमी करायचा नाही. स्त्री-पुरुषांचे दर वेगळे असतील तर जो वरचा असेल तोच दोघांना. दुसऱ्या अंकात पुरुष कारकून घाबरतात, "तिचा वाढला म्हणजे आमचा कापणार", तिथे हे चपखल बसलं. मिस शॉर्टहँडच्या वहीतून कलम वाचते आणि कारकून एकेक करून खुर्चीवर बसतात. प्रवेश आपोआप लिहिला गेला.

रविवार, १४ डिसेंबर

दुसरा अंक. चार पायऱ्या: प्राधिकारी, अपील, हायकोर्ट (तिथेच दोनदा), सर्वोच्च न्यायालय. मी चार वेगवेगळे प्रवेश लिहून आणले होते. ताईंनी ते एका कटावात, म्हणजे भरभर म्हणायच्या एकाच लांबलचक पदात, गुंडाळले. छान झालं. कोर्ट बदलतं तेव्हा सहा टेबलांची मांडणी फक्त फिरते आणि न्यायाधीश एकेक लेव्हल वर चढतो. निकाल टाइप करणाऱ्या त्याच सहाजणी. ही आमची मोकळीक.

कंपनीचा वकील दोन मुद्दे गातो. एक, करार झालाय. दोन, धंद्याची परिस्थिती बेताची आहे. सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर न्या. वेंकटरामय्यांच्या निकालात अगदी सरळ आहे, ऐपत असो वा नसो, कायदा लागू होतो. आणि काम सारखं आहे का हे पाहताना बारीकसारीक फरकांचा कीस काढायचा नाही, व्यापक नजरेने पाहायचं. या वाक्याला चाल लावायचा मोह पेटीकाकांना झाला होता. ताईंनी नुसतं बोलायला लावलं. पेटी थांबते, यंत्रं थांबतात, वकीलकाका स्वतः न्यायाधीश, चष्मा काढून म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी असे निकाल खालून ऐकले, आता वरून देतायत. मजेत आहेत.

रकमेचं गाणं अडलंय. 'सात हजार एकशे शहाण्णव रुपये सदुसष्ट पैसे' कुठल्याच वृत्तात मावत नाही. साकीत ओतलं, दिंडीत ओतलं, पैसे बाहेरच सांडतात.

रविवार, २८ डिसेंबर

सुटलं! शिक्षिकाबाईंनी सोडवलं. त्या रक्कम गाऊन न दाखवता टाइप करून दाखवत होत्या. सात, स्वल्पविराम, एक, नऊ, सहा, टिंब, सहा, सात. आठ ठोके. केरवा!

म्हणजे नाटकभर दादऱ्यात चाललेली यंत्रं त्या एका आकड्याला ठेका बदलतात. प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी चालेल, अंगाला कळेल.

रेमिंग्टनवर एकची कळच नाही, हेही आज लक्षात आलं. जुन्या बऱ्याच यंत्रांवर नसायची, लहान 'एल' एक म्हणून मारत. म्हणजे त्या यंत्रावर बसणारीचं बोट आकड्यांच्या ओळीतून खाली येऊन परत वर जातं. तिला अर्धी मात्रा कमी पडते. तिला पुढच्या कोपऱ्यातून मधे हलवलं, निदान दिसणार तरी नाही.

शनिवार, १० जानेवारी २०२६

महापालिकेच्या निवडणुकीमुळे शाळेचा हॉल नाही. तालीम एका सभासदाच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. सोसायटीवाल्यांनी अट घातली की आम्हालाही दाखवा. म्हणून पहिला अंक ज्येष्ठ नागरिक, मुलं आणि वॉचमन यांच्यापुढे, पडद्याविना.

आणि तिथे कराराच्या पदाला वन्समोर पडला.

एकदा नाही, दोनदा. मागच्या रांगेतले आजोबा काठी आपटत होते. मिसच्या दोन्ही पदांना सभ्य टाळ्या, सेक्रेटरीला वन्समोर.

नंतर बायका चिडल्या. नर्सताई म्हणाल्या, "आपण बायकांच्या पगाराचं नाटक करतोय आणि टाळी घेतो कोण, तर ज्याने आम्हाला पुढल्या वेळी या सांगितलं तो!" एकीने सुचवलं, चाल थोडी पाडा. पेटीकाका उठूनच उभे राहिले. "मुद्दाम वाईट चाल मी लावणार नाही. पेटी दुसऱ्या कुणाला द्या." मुलगा बिचारा माफी मागायला लागला, छान गायल्याबद्दल.

मला मात्र वाटतं की टाळी बरोबर जागी पडली. करार झाला त्या दिवशी ऑफिसात पेढेच वाटले गेले असणार. कुणाला त्यात काही खुपलं असतं तर अर्ज कशाला करावा लागला असता? आपण टाळ्या वाजवणारे तेव्हाही होतो. ती टाळी काढून घेतली तर नाटकात फक्त एक कंपनी वाईट उरते, आणि प्रेक्षक खुशीत घरी जातात.

ताईंनी माझं ऐकलं, पण पुढे काय ते सांगितलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

ताईंचं उत्तर आलं.

वन्समोर पडला तर द्यायचा. संगीत नाटकात रसिकांनी मागितलं की द्यावं लागतं, ती रीत मोडायची नाही. पण दुसऱ्या वेळी बायका टाइप करणार नाहीत. पहिल्या वेळी त्याच बायकांच्या बोटांवर हे पद चालतं, त्यांनाच वगळणाऱ्या कराराचा ठेका त्याच धरतात. दुसऱ्या वेळी हात मांडीवर. तबला पहिल्या ओळीनंतर सुटतो. सेक्रेटरीने तसंच, तितक्याच लडिवाळपणे, कोरडं गायचं. शब्द तेच, सूर तेच.

आधी आम्ही एक वेगळं करून पाहिलं होतं, दुसऱ्या वेळी बायकांनीच ते पद काळी चारमध्ये उचलायचं, टोमणा म्हणून. सुरेल झालं आणि तिथेच फसलं. लग्नातल्या विहिणींसारखं वाटायला लागलं.

हात मांडीवर ठेवून बसणं सोपं नाही. सवयीने पाय ठेका धरतात. आयटीतल्या एकीच्या अंगठ्याने दोनदा स्पेसबार दाबला.

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलं. ८ मार्च मागितला होता, पण महिला दिन सगळ्यांनाच हवा असतो. नाट्यगृह मिळालं शनिवार, २८ फेब्रुवारी, दुपारचं सत्र.

वेशभूषा जमली. दोन स्कर्ट, चार नायलॉनच्या साड्या. पुरुषांना टेरिकॉटच्या रुंद पायांच्या पँटी, मोठ्या कॉलरी. वसईच्या आमच्या सभासदाच्या आत्याने तिच्या नोकरीच्या काळातली पर्स दिली, आतल्या कप्प्यात व्ही.टी.चा फर्स्ट क्लासचा नाही, सेकंड क्लासचाच पास, असं तिने मुद्दाम सांगितलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

रंगीत तालीम. प्रकाशवाल्याला आठ ठोक्यांचं गणित समजावता समजावता रात्र झाली. शेवटी त्याला सांगितलं, घंटी वाजली की पिवळा टाक, विचार करू नकोस. जमलं. रेमिंग्टनची रिबिन तुटली, शिवणाच्या दोऱ्याने जोडली.

रविवार, १ मार्च

प्रयोग झाला. झोपून उठून लिहितेय.

नाट्यगृह पाऊण भरलं. तिसऱ्या घंटेला मिसचा आवाज बसलेला, पण पहिल्या पदात सुटला. नटीच्या नवसाला हशा आला. कारकून खुर्च्यांवर बसतात तो प्रवेश अपेक्षेपेक्षा चढला, बाल्कनीतून "वरचा दर, वरचा दर!" अशी आरोळी आली. सूत्रधाराचं संहितेचं वाक्य कुणाच्या लक्षातही आलं नाही. काढून टाकू.

आता कराराचं पद. वन्समोर पडणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, आणि पडला. डावीकडून सुरू झाला, मग सगळीकडून. सेक्रेटरीने नमस्कार केला, पेटीवर सूर आला, सहाही जणींनी हात खाली घेतले. पहिली ओळ तबल्यासह. दुसऱ्या ओळीला तबला सुटला.

प्रेक्षकांना अवघडल्यासारखं होईल, असा आमचा कयास होता. झालं भलतंच. ठेका सुटलेला पाहून प्रेक्षकांनी तो उचलला. टाळ्यांनी. सहा-सातशे माणसं दादरा धरून टाळी देतायत आणि रंगमंचावर सहा बायका मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघतायत. कुणालाही वाटलं नाही की ठेका कुणी तरी मुद्दाम सोडलाय. आमचा मुलगा पक्का, हसतमुखाने पुरतं गायला. 'पुढल्या वेळी यावे'वर टाळी थांबली ती एकदम नाही, तुटक तुटक थांबली. कुठे कुठे कुणाला तरी समोरच्या बायकांचे हात दिसले असावेत.

विंगेत नर्सताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "सगळं उलटं गेलं." ताई काही बोलल्या नाहीत. माझ्या मते नाटकातला सगळ्यात खरा क्षण तोच झाला, आणि तो आम्ही लिहिलेला नव्हता.

रकमेला यंत्रांनी ठेका बदलला तेव्हा मात्र एकही टाळी नाही. आठ ठोके, घंटी, आठ ठोके, घंटी. पडदा.

सोमवार, २ मार्च

हिशेब. तिकिटांतून नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश आणि टेम्पो निघाला, रंगभूषाकाराचे आम्ही वर्गणीतून दिले. कलाकारांना मानधन नाही. समान वेतनाचं नाटक आणि सगळ्यांना समान शून्य, हा विनोद तबलजीने केला आणि तो करायचाच होता.

पुढचा प्रयोग वसईला, एप्रिलमध्ये. तिथे ज्यांच्या घरात स्टेनो होऊन गेल्या अशा प्रेक्षकांपुढे करायचंय, त्यामुळे धाकधूक वेगळी.

दुरुस्त्या: मिसचं दुसरं पद एक कडवं कमी. रेमिंग्टनऐवजी दुसरं गोदरेज शोधणं. कराराच्या पदाला दुसऱ्या फेरीत प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू वर आणायचे, म्हणजे टाळी देणाऱ्यांना एकमेकांचे हात दिसतील. नर्सताईंना हे पटलं. पेटीकाकांनी शंका काढली, वसईत वन्समोर आलाच नाही तर? दिव्यांचं काय करायचं?

रेल्वेतला मुलगा म्हणाला, "मग मीच विचारतो की. सेक्रेटरी आहे ना मी, सगळ्यांना विचारूनच करतो. म्हणतो, मंडळी, पुन्हा म्हणू का?"

ते वाक्य संहितेत घातलं.